आईचा हात कुणाच्या खांद्यावर हाय

हे घडलेलं हाय. ज्याला थाप वाटतीय त्यानं हितंच थांबावं, खाली कमेंटमधे येऊन शहाणपणा करू नये. मी दहावीतनं शाळा सोडलेला हाय. मला गोष्टी रचता येत न्हाईत.

गाव उरवडे, तालुका मुळशी. मागच्या सप्टेंबरातला गुरुवार. वेळ रातची न्हाई, दुपारचे दोन.

गुरुवारी आमच्याकडं कंपन्या बंद असतात. रोजची घरघर नसती. लाईट पण गुरुवारीच जाती.

माझी थोरली बहीण सृष्टी. तिला जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झालेले.

पिरंगुटच्या रस्त्याला तिच्या स्कूटीला डंपरनं उडवलं. फोनचा चुरा झाला. पाठीवरची सॅक मात्र लांब गवतात पडली. सॅकमधे तिचा लॅपटॉप.

तो दुरुस्तीला घेऊन चाललेली.

बिघडवला मी होता.

आदल्या संध्याकाळी ताई माझा सतरा नंबरचा फॉर्म भरत बसलेली. म्हंजे घरी बसून बाहेरनं दहावी द्यायची. मला विचारलं पण न्हाई. वर म्हणती, "पप्पू, तू फक्त सही कर. बाकीचं मी बघते."

माझं डोकं फिरलं. लॅपटॉप कॉटवरनं ढकलून दिला. फरशीवर आपटला आणि आतनं आवाज यायला लागला...

टक्... टक्... टक्...

मी म्हणालो, "परत माझ्या डोळ्यासमोर येऊ नको."

माझ्या फोनमधले तिचे सगळे फोटो पण त्याच रागात उडवले. सकाळी ती निघाली तवा मी जागा होतो. डोळे मिटून पडून राहिलो.

हे आईला माहीत न्हाई. अजून न्हाई.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. झाडावर सात कावळे होते, मी मोजले. एक पण खाली येईना. नथूमामा हात जोडून बोलत होता, तुझ्या आईला सांभाळू, काळजी करू नको, काय काय कबूल करत होता. कावळे हलेनात. अर्धा तास गेला. गुरुजी घड्याळ बघायला लागले. मग मामानं मला ढोसलं.

"तू बोल की. तुझ्यात जीव होता तिचा."

मला माफी मागायची होती. एवढ्या लोकांत तोंडातनं निघंना.

मी म्हणालो, "ताई, लॅपटॉपमधलं सगळं काढतो. आईला देतो."

एक कावळा लगेच उतरला.

आईला तेराव्याला ठेवायला फोटो पाहिजे होता. पण दुसऱ्यांच्या फोनमधे ताई नसायचीच, फोटो काढणारी तीच. टायमर लावून घरच्यांसोबत काढलेले सगळे तिच्या लॅपटॉपमधे. उरलं आधार कार्ड. ते बघून आई म्हणाली, "ही कोण बाई? माझी पोर न्हाई ही."

पिरंगुटात शेखरदादा लॅपटॉप दुरुस्त करतो. त्यानं आतली डिस्क काढली, एका डब्यात बसवली आणि स्वतःचा लॅपटॉप दिला. डब्याची पिन भिंतीत लावायची, वायर लॅपटॉपला. म्हणाला, आत घासतंय, एकदाच फिरंल, मधी बंद करू नको.

घरी येऊन जोडलं, फायली कॉपीला लावल्या. आई आतल्या खोलीत पडलेली.

टक्... टक्... टक्...

आकडा मुंगीसारखा सरकत होता. एकसष्ट टक्के झाले आणि लाईट गेली.

पंखा थांबला. डब्यावरचा निळा दिवा विझला. टक् टक् बंद.

शेखरदादाचा लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू.

मी डब्यावर हात ठेवला. आत काय फिरत नव्हतं.

स्क्रीनवर बासष्ट झाले...

त्रेसष्ट...

मी वायर उपटली. आता लॅपटॉपला काहीच जोडलेलं नव्हतं.

चौसष्ट.

लोक विचारतात भ्या न्हाई वाटलं का. न्हाई. काहीच वाटलं न्हाई. अकरा दिवस काहीच वाटत नव्हतं. शंभर होईपर्यंत बघत बसलो.

चारशे बारा फोटो निघाले. पहिला उघडला. दिवाळीचा, आमच्या दारातला. आई हसतीय. आईचा उजवा हात बाजूला पसरलेला, खांद्याएवढा वर, बोटं जरा वाकलेली. कुणालातरी जवळ ओढल्यासारखी.

हाताखाली...

कोणी न्हाई.

मागची भिंत दिसत होती. तिचा उडालेला रंग पण दिसत होता.

दुसरा उघडला. तिसरा. चारशे बारा बघितले. सगळ्यांत कुटंतरी एक माणसाएवढी जागा मोकळी.

एक व्हिडिओ होता. आई भाकरी थापतीय, कुणाशीतरी बोलतीय. थांबतीय. हसतीय. परत बोलतीय. मधी नुसता परातीचा आवाज.

आई कवा मागं येऊन उभी राहिली कळलं न्हाई. मी लॅपटॉप मिटायला गेलो, तिनं हात धरला. लई वेळ बघत होती. मग त्या दिवाळीच्या फोटोत भिंतीवर बोट ठेवलं.

"हिरव्या ड्रेसवर किती गोड दिसती रे. हाच मोठा करून आण."

शेखरदादाला दाखवला. त्याला खोटं बोलायचं काय कारण न्हाई. विचारलं, कसा आलाय?

"एकदम क्लिअर. डोळे बघ, डिट्टो तुझे."

फ्रेम केली. तेराव्याला लोकांनी फुलं वाहिली, रडले. मी भिंतीचा फोटो बघत बसलो.

संध्याकाळी पेटीतनं तिचं आधार कार्ड काढलं. नाव हाय. जन्मतारीख हाय. पत्ता हाय. फोटोच्या चौकटीत...

पांढरं.

डिस्कमधनं निघालेल्या फायलींत माझा सतरा नंबरचा फॉर्म पण होता. पूर्ण भरलेला. सही केली, जमा केला. मग एकटा नदीवर गेलो आणि माफी मागितली. मोठ्यानं. सात कावळे होते झाडावर. घसा बसला माझा.

एक पण उतरला न्हाई.

आता तर डोळे मिटले तरी तिचा चेहरा येत न्हाई. केस आठवतात, बांगडी आठवती, चेहरा न्हाई.

आई रोज सकाळी फ्रेम पुसती. मी चहा घेत समोर बसतो. काल पुसता पुसता थांबली. एकदा फ्रेमकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"पप्पू, पहिलं ही समोर बघत होती ना रे?"

मी कप खाली ठेवला.

"आता तुझ्याकडं बघतीय."

मी बघितलं. आईचा हात. भिंत. उडालेला रंग.

"व्हय," म्हणालो.