रिकाम्या लॅबमधला श्वास

मी भुताखेतांच्या वाटेला जाणारा माणूस नाही. पण सुरुची माझी सख्खी मावसबहीण, आणि ती खोटं बोलत नाही. तिने सांगितलं तसंच सांगतोय.

मागच्या वर्षीचा गौरी-गणपती विसर्जनाचा दिवस. भर दुपार.

सगळं लालबाग-परळ रस्त्यावर, आणि ही बया तळघरातल्या लॅबमध्ये एकटी.

धुरातला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा आणि एका काळ्या पुडीच्या मदतीने त्याचं मिथेनॉल बनवायचं, ही तिची पीएचडी. रिझल्ट झकास येत होते. मावशीने तर चाळभर 'आमची डॉक्टर' करून टाकलं होतं.

एकच तपासणी बाकी होती. कार्बन डायऑक्साइड न देता प्रयोग करायचा. काहीच बनता कामा नये. बनलं, तर कार्बन भलतीकडून येतोय आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

तिने नुसता आर्गॉन सोडला, कशाशीच न मिसळणारा गॅस. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घट्ट बंद केला.

कार्बन डायऑक्साइड गळला तर कळावा म्हणून भिंतीवर मीटर होतं. माणसाच्या श्वासानेही त्यावरचा आकडा चढतो. खोली रिकामी झाली की उतरतो.

ती चहाला गेली. परत आली...

आकडा चढलेला.

तिने सिलिंडरला साबणाचं पाणी लावून पाहिलं. एक बुडबुडा नाही.

ती पुन्हा बाहेर आली. दार ओढून घेतलं आणि काचेतून बघत राहिली.

आकडा चढला... थांबला... पुन्हा चढला.

तेवढ्यात रस्त्यावरचे ढोल थांबले.

आणि आतून श्वास ऐकू आला... लांब, दमलेला.

"कोण आहे?"

कुणीच नव्हतं.

पळायला हवं होतं. पण रिझल्ट आत होता. गेली बिचारी आत.

स्क्रीनवर मिथेनॉल होतं. नेहमीइतकंच.

ती तिथेच मटकन बसली आणि रडली. तेव्हा मानेवर कोमट हवा आली, असं ती म्हणते.

पुढच्या आठवड्यात तिने तीच पूड दुसऱ्या लॅबमध्ये नेली. भरपूर कार्बन डायऑक्साइड दिला. शून्य. पुन्हा केलं. शून्यच.

म्हणजे पुडीने सिलिंडरचा गॅस कधी घेतलाच नव्हता. घेतला तो त्या खोलीतल्या कुणाचा तरी श्वास. बंद भांड्यात तो शिरला कसा, ते मला विचारू नका.

तिच्या पीएचडीच्या गाइड मॅडम एवढंच म्हणाल्या, "सुरुची, हे मी कुणाला दाखवू? सोड आता."

तिने सोडलं. आता घरीच असते. मावशी चाळीत कुणाशी बोलत नाही.

तिच्या जागेवर नूपुर नावाची नवी मुलगी आलीय. परवा सुरुचीने तिला माझ्यासमोर फोन लावला.

"नूपुर, त्या लॅबमध्ये एकटी बसत जाऊ नकोस गं."

"ताई, रिझल्ट कसले भारी येतायत माहितेय?" ती हसून म्हणाली. "आणि खरं सांगू, इथं एकटं वाटतच नाही."

सुरुचीने फोन ठेवला. मला तेव्हापासून धड झोप नाही. नूपुर अजून तिथेच काम करतेय.