ऑगरची पुली कोण फिरवत होतं?

हे खरं आहे. खोटं वाटलं तर वाटू दे, पण मामांचा सोललेला हात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

गेल्या गुरुवारची गोष्ट. मामांची हार्वेस्टर दुरुस्तीची शेड. दुपारचे चार, बाहेर लख्ख ऊन.

मामा एका जुन्या हार्वेस्टरच्या धान्याच्या टाकीत उतरले होते. टाकीच्या तळाशी ऑगर असतो, म्हणजे धान्य पाइपमधून बाहेर ढकलणारा लांब लोखंडी स्क्रू. त्याची पाती वाकली होती. एक पातं सरळ करायचं, स्क्रू थोडा फिरवायचा, मग पुढचं.

इंजिन बंद. बॅटरी काढलेली. स्क्रू फिरवणारी पुली बाहेर, ती हाताने फिरवायला मामी.

दोघांची रीत ठरलेली. मामी पत्र्यावर एकदा ठोकायची. मामा हात बाजूला काढून उलट ठोकायचे. मगच पुली फिरायची. वीस वर्षांत मामांच्या बोटाला साधं खरचटलंही नव्हतं.

तीन पाती झाली. मामी बाहेरून काहीतरी म्हणाली. मामा कामात गर्क. "हं," म्हणाले. बायकोच्या निम्म्या बोलण्याला ते असंच "हं" म्हणतात.

थोड्या वेळाने...

ठक.

मामांनी उलट ठोकलं. स्क्रू फिरला.

चौथं पातं झालं. पाचवं. सहावं. मामा खुशीत आले.

"आज हात भलताच चालतोय गं तुझा!"



नुसतंच... ठक.

या वेळी आवाज पत्र्यावरून आला नाही. पाइपच्या आतून आला...

मामांचा हात अजून पात्यांमध्येच होता. "थांब! हात आत आहे!"

तेवढ्यात शेडच्या दारातून मामी म्हणाली, "अहो, कुणाशी बोलताय? दूध आणायला जातेय, असं सांगून गेले होते ना मी?"



आणि स्क्रू फिरला.

त्यांनी जिवाच्या आकांताने हात हिसडला. हात वाचला, पण पंजाची कातडी सोलून निघाली.

मामी धावत मशीनच्या मागे, पुलीकडे गेली. तिथे कुणीच नव्हतं.

पुली मात्र अजून हळूहळू फिरत होती...

मामांनी काम अर्धवट सोडून मशीन परत दिलं. मालकाला सगळं सांगितलं. तो खो खो हसला. "ऊन लागलंय तुम्हाला!"

आज सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. मामांच्या हाताला बँडेज, म्हणून मीच स्पीकरवर लावला.

"राहिलेली पाती हे स्वतःच सरळ करतायत. टाकीत उतरलेत. पाना कितीचा लागतो, विचारतायत."

"आधी त्यांना बाहेर काढा!" मामा ओरडले. "पुलीवर कोण आहे?"

"आहे की माणूस. मघापासून मुकाट्याने फिरवतोय. तुम्हीच पाठवलाय ना?"

फोन कट झाला.

मामा अनवाणीच निघाले. दोन तास होऊन गेले. कुणाचाच फोन लागत नाही. मामी दारातून हलत नाहीये. मला काही सुचत नाही, म्हणून हे लिहीत बसलेय.