उतरलेले रेणू

मिरजेच्या शीतरेणू केंद्रातला पडदा काळाठिक्कर होता, म्हणून अनुदान खात्याचे खोतसाहेब केंद्र बंद करायला आले होते. पडदा काळा म्हणजे सापळ्यात रेणू नाहीत, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांच्या हुकमानं सापळ्याचा, म्हणजे रेणू धरून ठेवणाऱ्या चुंबकी वाटीचा प्रवाह सकाळपासून थोडा थोडा उतरवला जात होता.

वाटीशेजारी तस्नीम सतारमेकर उभी होती. लेसर जुळवणारी. पदवी नाही, म्हणून बैठकीत खुर्ची नाही. दोन वर्षं खपून जुळवलेलं यंत्र आता तिनंच सुटं करायचं होतं.

"बंद करण्याआधी समजावून तरी सांगा," खोत म्हणाले.

केंद्रप्रमुख डॉ. केळुसकरांनी सुस्कारा सोडला. "रेणू समोरून आलेला प्रकाशकण गिळतो, धक्का खातो, मंदावतो. मंद म्हणजेच थंड. कण परत टाकताना तो चमकतो. पण मधेच त्याचं कंपन बदललं, की आमचा लेसर त्याला लागू पडत नाही. अशा निसटण्याच्या दोन वाटा आम्ही दोन जादा लेसरांनी बुजवल्या. तरी रेणू पळालेच."

"पळाले नाहीत सर, उतरलेत," तस्नीम म्हणाली. "तार उतरली म्हणून आमच्या घरात सतार हरवली असं कुणी म्हणत नाही. खुंटी पिळतात. हे तिसऱ्याच कंपनात उतरलेत. अंधारात, पण वाटीतच."

"तिसरी वाट गणितात नगण्य आहे, तस्नीमबाई!"

"नगण्य कुठं उभे असतात, ते मला विचारा की."

खोत फस्सकन हसले. "बघू द्या हो त्यांना!"

तिनं एका जादा लेसरचा रंग तिसऱ्या कंपनाकडे केसभर सरकवला. पुन्हा केसभर.

पडद्यावर ठिपका पेटला. लख्ख, टपोरा!

केळुसकरांनी तापमान मोजलं. तीनदा मोजलं. मग मटकन स्टुलावर बसले. "ठरवलं होतं त्याच्या शंभर पट थंड! कसं शक्य आहे?"

"अंधारात धक्के नाहीत, म्हणून थरथर नाही," तस्नीम म्हणाली. "आणि प्रवाह उतरून वाटी सैल होत गेली तसे हे रेणू ऐसपैस पसरत निवत गेले."

"वाटी कुणी सैल केली?" खोतांनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडेच बघत होते. साहेबांचे कान लाल झाले, मग तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

"मग आता माझ्या हुकमाचं काय करू, बाई?"

"राहू द्या की साहेब. रोज बंद करत जाऊ. फक्त घाई करायची नाही."