परम्याची फेरतपासणी

जनुकवाचकाच्या पडद्यावर पुन्हा 'आहे' उमटलं आणि डॉ. इरावती साबडेंच्या डोक्यात तिडीक गेली. चंद्रतळाच्या प्रयोगशाळेत त्यांच्यासमोर यामिनी घोलप बसली होती, बोगद्यातली वेल्डर. हातमोजे काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"म्हणजे परमा अजून गेला नाही?"

"गेला गं. इंजेक्शननं जंतू केव्हाच मेले. पण हे यंत्र जंतू जिवंत की मेलेला, ते बघत नाही. त्याच्या जनुकांचे तुकडे दिसले की 'आहे' म्हणून मोकळं होतं. ते तुकडे अंगातून जायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. आपण पहिल्यांदा आठवड्यातच तपासलं."

"मग तेव्हाच का तपासलं, मॅडम?"

याचं उत्तर इरावतींना ठाऊक होतं आणि तेच त्यांना जाळत होतं. नियमच तसा होता. पृथ्वीवरच्या कुणा शहाण्यानं ठरवून टाकलं होतं, की इंजेक्शननंतर आठवड्यानं वाचकानं 'नाही' म्हणायलाच हवं. 'आहे' म्हणाला, तर माणसानं पुन्हा शेण खाल्लं असं धरायचं आणि पहिल्या यानानं त्याची रवानगी करायची. माणसानं म्हणजे अर्थातच बाईनं. वाचक बसवले होते ते फक्त बायकांच्या स्वच्छतागृहांत. इथल्या किरणोत्सारात गर्भ राहिला तर लगेच कळावं म्हणून ते आणले. त्यांना परम्यासारखा गुप्तरोगही ओळखता येतो हे मागाहून कुणाच्या तरी ध्यानात आलं. पुरुषांच्या मुताऱ्यांचं पाणी मात्र एकाच टाकीत जाई. तिथं कोण काय सोडतो, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

"परत गेले तर पुन्हा कुठल्या तळावर घेतील मला?" यामिनीनं विचारलं. "आणि गावी काय सांगू? फलकावर कारणासकट नाव लावलंय त्यांनी. जेवायला गेले की माणसं ताट उचलून दुसरीकडे जातात."

इरावती उठल्या आणि तडक संचालक नाडगौडांच्या खोलीत गेल्या. हातात काचेची बशी होती.

"ही बघा. यामिनीच्या नमुन्यातले जंतू आम्ही यात वाढवायचा प्रयत्न केला. एकही उगवला नाही. ती बरी झालीय."

नाडगौडांनी बशीकडे पाहिलंसुद्धा नाही. "बशीत कधी कधी जंतू वाढत नाहीत, हे तुम्हीच मागे सांगितलंत. वाचक चुकत नाही."

"वाचक चुकत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे! फेरतपासणी आणखी दोन आठवड्यांनी करू द्या. आणि तिला परमा ज्याच्याकडून झाला, त्याचं नाव तिनं मला सांगितलंय. मी बोलावते तर तो येत नाही. तुम्ही बोलवा."

"पुरुषांची तपासणी नियमात नाही, डॉक्टर. उगाच कुणाच्या अब्रूला हात घालू नका. वाचकाचा शब्द शेवटचा."

अब्रू! इरावतींना वाटलं, ही बशी याच्या डोक्यात घालावी. त्या बाहेर पडल्या आणि सरळ शीतकपाटाकडे गेल्या.

तळाचं पाणी तपासणं त्यांच्याकडेच होतं. शुद्धीकरणाला जाण्याआधी पुरुषांच्या टाकीतली एक बाटली दर आठवड्याला त्या गोठवून ठेवत. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी होऊन धुतली जाई, त्यामुळे जुनं काही साठून राहायचा प्रश्न नव्हता. गेल्या दोन महिन्यांच्या बाटल्या त्यांनी एकेक करून वाचकाला दिल्या आणि पडद्यावरच्या 'आहे-नाही'मागं दडलेला खरा आकडा उघडला.

दुपारी त्या पुन्हा नाडगौडांसमोर उभ्या राहिल्या.

"पुरुषांच्या टाकीबद्दल वाचक 'आहे' म्हणतो," त्या म्हणाल्या. "त्याचा शब्द शेवटचा ना? मग तळावरच्या एकूण एक पुरुषाचं नाव फलकावर लावा. यानाच्या किती फेऱ्या लागतील तेवढं बघा."

नाडगौडा ताडकन उठले. "काहीतरीच काय! ते मेलेल्या जंतूंचे तुकडे असतील. तुम्हीच तर सांगत होता सकाळी!"

"सांगत होते. तेव्हा तुम्हाला ते पटलं नव्हतं. आता आकडे बघा. हे यामिनीचे, दर तपासणीला खाली येतायत. हे टाकीचे, दर आठवड्याला वर चढतायत. मेलेले जंतू पिल्लं घालत नाहीत, साहेब. आकडा वाढतोय याचा अर्थ कुणाच्या तरी अंगात ते जिवंत आहेत. आणि ज्या वेगानं चढतोय, ते एकट्यादुकट्याचं काम नाही."

नाडगौडा परत खुर्चीत बसले. तळापुरता नियम बदलायचा अधिकार त्यांना होताच; तो वापरायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. वाचकाचा शब्द यापुढं शेवटचा नाही, बशीतली वाढ बघावी, फेरतपासणी पुरेशा अंतरानं व्हावी, पुरुषांचेही नमुने घ्यावेत, यामिनी घोलप यांची रवानगी रद्द. एका बाईसाठी इरावतींनी आठवडाभर जे पदर पसरून मागितलं, ते सगळ्या पुरुषांवर येताच पाच ओळींत उरकलं. इरावतींना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. संतापानं त्यांचे कान तापले होते.

"मग सुरुवात तुमच्यापासून करू," त्यांनी कापसाची काडी आणि नळी टेबलावर ठेवली.

"माझा काय संबंध?"

"टाकी सगळ्यांची आहे."

नाडगौडांनी काडीकडे पाहिलं. मग ते उठले, दार नीट लागलंय ना ते हातानं चाचपून आले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"डॉक्टर, पृथ्वीवर माझी बायको आहे, मुली आहेत. निकाल फक्त मलाच कळेल ना?"

इरावतींनी काडी त्यांच्यापुढं सरकवली.

"हो," त्या म्हणाल्या. "फक्त तुम्हालाच. यामिनीचाही फक्त यामिनीलाच कळायला हवा होता."