पुढची दोन चाकं

शिवशरण बिराजदार जीपखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाला वाळू चिकटली होती आणि चेहरा उतरला होता.

"काय सापडलं?" फौजदार रावजी सुरवसेंनी विचारलं.

"सापडलं नाही. पुढचा शाफ्ट गायब आहे."

"म्हणजे?"

"इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना पोचवणारा लोखंडी दांडा. तो नसला की मागची दोनच चाकं ओढतात. आत बसलेल्याने कितीही दांडे पुढेमागे करावेत, पुढची चाकं नुसती फरफटत जातात."

भीमेच्या कोरड्या पात्रात जीपची मागची चाकं आसापर्यंत रुतली होती. काल, शुक्रवारी दुपारी, याच जीपच्या मागच्या बाकावर ईरम्मा नावाची बाळंतपणात अडलेली बाई पोटातल्या पोरासकट गेली होती. मंद्रूपचे डॉक्टर मानसिंग गरड तिला नदीपलीकडच्या गावातून सोलापूरला आणत होते. गाडी रुतल्यावर डॉक्टर तिच्याजवळ थांबले, तिचा नवरा शंकरप्पा बैल आणायला पळाला. पण बैल होते कुठं? १९७३ चा मे. दोन्ही काठांवरची जनावरं चारा छावणीत. चार तासांनी सहा माणसं दोर घेऊन आली तेव्हा ओढून काढायचं काही उरलं नव्हतं.

अपघातातली गाडी तपासणं हे बिराजदारचं काम. सोलापुरात तो मोटार वाहन निरीक्षक होता. पण ही गाडी त्यानेच निवडली होती.

मार्चमध्ये डॉक्टर त्याच्या दारात आले होते. "रोज दवाखान्याच्या फेऱ्या मारील आणि वाट नसेल तिथंही जाईल अशी जुनी गाडी सांगा. नवी मला झेपायची नाही." तीन रविवार दोघं फिरले. लष्करातून निघालेली युद्धकाळातली जीप होती. तिची चेसीस तडकली होती. एक मोठा ट्रक भक्कम होता, पण गावातल्या बोळात वळला नसता. शेवटी जुन्या गाड्या विकणाऱ्या कल्लप्पाच्या वाड्यातली बासष्ट सालची ही जीप. रंग गेलेला, टप फाटलेला. बिराजदारने तासभर खाली झोपून एकेक सांधा हलवून पाहिला आणि म्हणाला, "डॉक्टर, ही घ्या. ही तुम्हाला दगा देणार नाही."

त्याचं हे वाक्य त्याला आता आठवत होतं आणि नको वाटत होतं.

"कल्लप्पाला सकाळीच आत घेतलाय," सुरवसे म्हणाले. "खराब गाडी गळ्यात मारली म्हणून डॉक्टरांनी तक्रार दिलीय. बेपारी लोक, शाफ्ट काढून दुसऱ्याला विकला असणार."

बिराजदार पुन्हा वाकला. शाफ्ट जिथं बसतो त्या दोन्ही तोंडांवर कुणीतरी ग्रीस थापून वर मेणकापड घट्ट बांधलं होतं. निळ्या फुलांचं, मऊ पडलेलं. ते सोडल्यावर आतले बोल्ट दिसले. सगळे नट परत आपापल्या बोल्टवर, हाताने नीट फिरवून बसवलेले. त्याने कापड घडी करून खिशात ठेवलं.

*

कल्लप्पा कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. बिराजदारला पाहताच उठला.

"सायेब, तुमीच सांगा की ह्यांना. तुमी स्वता खाली घुसून बघितलं का न्हाय?"

"बघितलं. त्यानंतर गाडी तुझ्याकडं आली होती?"

"न्हाय वो. डॉक्टर घेऊन गेलं ते गेलं. मंद्रूपात जोतीराम मिस्त्री बघतो ती."

"तू शाफ्ट काढला असतास तर नट काय केले असतेस?"

कल्लप्पाला प्रश्नच कळेना. "नट? डब्यात टाकलं असतं. दुसऱ्या गाडीला लागत्यात की."

"जोतीराम कुठं भेटेल?"

"सिव्हिलात. सोमवारी बोटं चेंगरली त्याची जॅकखाली. तितंच पडलाय."

बिराजदारने सिव्हिलात जाऊन खात्री केली. जोतीराम सोमवार सकाळपासून तिथंच होता, उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. रविवारी संध्याकाळी त्याने जीपला ग्रीस दिलं होतं. "तवा शाफ्ट होता, सायेब," तो म्हणाला. "माज्या हातानं पुसलाय."

*

मंद्रूपला डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या मागेच होतं. अंगणाला दगडी कुंपण, एकच फाटक, जीप उभी करायला पत्र्याची शेड. सोप्यात भिंतीवर पाच वर्षांच्या मुलीचा फोटो होता. हार ताजा होता. कोपऱ्यात लहान लोखंडी खाट उभी करून ठेवलेली, नुसत्या पट्ट्यांची.

डॉक्टर खुर्चीत होते. दोन दिवसांची दाढी वाढलेली. त्यांच्या पत्नीने, विजयमालावहिनींनी, पाण्याचे तांबे आणून ठेवले.

"डॉक्टर, याआधी वाळूतून शेवटचे कधी गेलात?"

"रविवारी. चार माणसं घेऊन गेलो आणि आलो. लोण्यासारखी गेली गाडी. म्हणून तर परवा... काल... पुलाचा फेरा नको म्हटलं. ती कण्हत होती. वाळूतून गेलो तर तास वाचेल म्हटलं."

"जाताना कुठून गेलात?"

"काल सकाळी टाकळीजवळ दुष्काळी कामावर लस टोचायला गेलो होतो. शंकरप्पा मला तिथंच भेटला. म्हणून जाताना टाकळीच्या पुलावरून गेलो."

"नाहीतर?"

"नाहीतर इथून सरळ नदी. नेहमीची वाट."

"सोमवार ते गुरुवार?"

"गाडी शेडमध्ये. मला रोज कामावरच्या ट्रकने नेत होते. कंपाउंडरही माझ्याबरोबर."

बिराजदार वहिनींकडे वळला. "त्या चार दिवसांत कुणी आलं होतं अंगणात? भंगारवाला, अनोळखी माणूस?"

"नाही. मी घरातच होते. फाटकाला आतून कडी होती."

"दुपारी डोळा लागला असेल."

"मला झोप लागत नाही, भाऊ."

सुरवसे मध्येच म्हणाले, "वहिनी, चोराला किती वेळ लागतो? पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत आठ नट निघत नाहीत," त्या म्हणाल्या आणि तांबे उचलू लागल्या.

बिराजदारने वर पाहिलं.

"वहिनी, तुमचं माहेर कुठलं?"

"बार्शी."

"वडील?"

त्यांचे हात थांबले. "मोटारींचं गॅरेज होतं त्यांचं."

*

"डॉक्टर," बिराजदार म्हणाला, "तुमची तक्रार मागे घ्यावी लागेल. कल्लप्पाने काही केलेलं नाही. रविवारी चार माणसं घेऊन गाडी वाळू ओलांडून गेली आणि परत आली. शाफ्टशिवाय ती गेली नसती. संध्याकाळी जोतीरामने तो पुसला. म्हणजे शाफ्ट निघाला तो सोमवार ते गुरुवार, आणि गाडी त्या दिवसांत इथून हलली नाही."

"मग चोर..."

"चोर नट परत बसवत नाही. उघड्या तोंडांत वाळू जाऊ नये म्हणून ग्रीस लावून कापड बांधत नाही. ज्याला तो शाफ्ट पुन्हा जोडायचाय, ज्याला ही गाडी खराब झालेली नकोय, तोच एवढं करतो." त्याने खिशातून मेणकापड काढून मांडीवर पसरलं. "दवाखान्यातलं तांबडं रबरी असतं. हे लहान मुलाच्या अंथरुणाखालचं आहे."

डॉक्टरांनी कापडाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"त्या चार दिवसांत कुणी आलं होतं का, हे मी विचारलं," बिराजदार पुढे म्हणाला. "वहिनींना एखाद्या भंगारवाल्याचं नाव घेता आलं असतं. मी तसं सुचवलंही. त्या खोटं बोलल्या नाहीत. कुणीच आलं नव्हतं. आणि नट किती, हे मी या घरात कुणाला सांगितलं नव्हतं."

विजयमालाबाई खाली बसल्या.

"मंगळवारी काढला," त्या म्हणाल्या. "अर्धा तास लागला. कणगीत आहे. कणगी रिकामीच आहे यंदा."

"का?" डॉक्टर म्हणाले. "विजू, का?"

"नदीपलीकडं पटकी आहे म्हणून. एप्रिलात तुम्ही तिकडून आलात, हात धुवायच्या आधी पोरीनं तुमच्या गळ्यात उडी मारली. तीन दिवसांत गेली. तरी तुम्ही दर आठवड्याला जात राहिलात. मी पाया पडले. तुम्ही म्हणालात, गाडी आहे तोवर जाणार." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "मला वाटलं, इथल्या काठालाच अडकेल. काठावरच्या गावाजवळ. चार माणसं ढकलतील, तुम्ही घरी याल. पटकी सरली की मी परत बसवणार होते. तुम्ही पलीकडून याल, गाडीत अशी बाई असेल, हे माझ्या मनातसुद्धा..."

"काल सांगायचं होतंस."

"काल तुम्ही गेल्यावर मला कळलं की टाकळीला गेलात. डांबरी सडक, म्हणून जिवाला गार वाटलं."

सुरवसेंनी टोपी हातात घेतली. ते बिराजदारला म्हणाले, "हिला न्यायला लागणार की हो."

"हो."

"कोर्टात काय सांगायचं?"

"घडलं ते. मी तेच लिहिणार."

डॉक्टर उठले नाहीत. विजयमालाबाईंनी आत जाऊन चूल विझवली, पदर सारखा केला आणि त्या फौजदारांच्या पुढं चालत फाटकापर्यंत गेल्या. तिथं एक म्हातारा उभा होता, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. नदीपलीकडून चालत आला होता.

"डॉक्टर हायत का? येडू म्हनत्यात मला. माज्या सुनंला उलट्या लागल्यात सकाळधरनं. पानी बी राहीना पोटात. शेजारच्या दोघी बी पडल्यात."

तो आत आला. डॉक्टरांनी खुर्चीखालून औषधांची पेटी ओढली, उभे राहिले आणि बिराजदारकडे वळले.

"जीप?"

"मुद्देमाल आहे, डॉक्टर. कोर्टाच्या हुकुमाशिवाय हलवता येत नाही. शाफ्टही तिच्याबरोबरच जाईल."

"कामावरचा ट्रक?"

"आज शनिवार. तो गेला सोलापूरला. आम्हीसुद्धा एस.टी.नंच आलोय," सुरवसे फाटकातून म्हणाले.

"एस.टी.?"

"पुढची आता उद्या सकाळी सातला. पुलापर्यंतच."

डॉक्टर पेटी हातात धरून तसेच उभे राहिले. बाहेर ऊन इतकं होतं की फाटकाचा लोखंडी कडीकोयंडा हाताला लावता येत नव्हता. नदी पाच मैल होती, तिच्यापुढं गाव आणखी तीन.

"चालत जातो," ते म्हणाले आणि दोन पावलं टाकून उंबऱ्यावरच बसले. काल सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं, रात्रभर झोप नव्हती. आठ मैल चालणं होणार नव्हतं.

येडू म्हातारा त्यांच्यापुढं उकिडवा बसला.

"सकाळची गाडी म्हंता?" त्यानं मान हलवली. "तवर न्हाय वो ऱ्हायची ती."