न फोडलेला गोळा

यात एक शब्दही पदरचा नाही. गेल्या वर्षीची वैशाखी अमावास्या, ओतूर, दुपारचे दोन. लख्ख ऊन होतं, त्यामुळे अंधारात भास झाला म्हणायचीही सोय नाही.

कुंडलिकबाबांच्या घरात तीन पिढ्या काच फुंकत आल्या. पक्षी, दिवे, अत्तराच्या कुप्या. कुणाचं काम फसलं, की बाबा काचेवर नखाने टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "हुं."

बस्स.

घरची एक रीत होती. दिवसाचा शेवटचा काचेचा गोळा फुंकून त्याचं तोंड बंद करायचं. आत त्या दिवसाचा दम. सकाळी तो पुन्हा भट्टीत. फुंकणारा गेला, तर मात्र तो गोळा तेराव्याला रानात फोडायचा.

बाबा चैत्रात गेले. मुलाने, सूरजने, गोळा फोडला नाही.

"अवं, मामंजींचा दम मोकळा करा," त्याची बायको उज्ज्वला म्हणाली.

"येडी का तू? बापाचा शेवटचा श्वास म्हणून प्रदर्शनात मांडतो. पुण्याची मान्सं लई हळवी असत्यात."

तिला नवऱ्याची आजवर कीव यायची. त्या दिवशी किळस आली. ह्याला धड फुंकता येत नव्हतं. कारखान्यातले पक्षी आणायचे, तळाचं लेबल खरवडायचं आणि हातचं काम म्हणून लेण्याद्रीच्या पायथ्याशी विकायचं. घेणारेही तसलेच. हातची कला म्हणून वर डोळे पुसायचे.

अमावास्येला प्रदर्शनवाले घरी येणार होते. सूरजने समोर काच फुंकून दाखवली तरच निवड. नाहीतर गावभर शोभा.

दीडला फळीवरून आवाज आला... टक्.

खोलीत उज्ज्वला एकटी.

टक्... टक्... कारखान्याच्या एकेका पक्ष्यावर. बाबांच्या कुपीला वगळून.

फळीच्या टोकाला बंद गोळा. काचेवर आतून वाफ धरली... विरली... पुन्हा धरली.

दोनला पाहुणे आले. सूरजने नळीच्या टोकावर वितळलेली काच घेतली. "रक्तातच हाय आमच्या!" म्हणत नळी तोंडाला लावली.

त्याने अजून फुंकलंही नव्हतं...

गाल आपोआप फुगले. डोळे पांढरे झाले. टोकाला सुरेख, गोल काच फुलली.

आणि नळीतून आवाज आला... "हुं."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. निवड झाली.

सूरज तेव्हापासून एकच शब्द बोलतो. घशात काही दोष नाही, असं डॉक्टर सांगतात. समोर काच ठेवली, की तो नखाने टिचकी मारतो.

शेवटी उज्ज्वलाच गोळा घेऊन रानात गेली. दगड उचलला. तेवढ्यात काचेच्या आतून...

"उज्ज्वला, फोडू नको गं."

नवऱ्याचा आवाज. तसाच, भित्रा.

गोळा परत फळीवर आहे. फोडला तर कुणाचा दम मोकळा होईल, हे तिला कळत नाही. रोज ती खाटेवर बसलेल्या सूरजकडे बघून विचारते, "फोडू का?"

उत्तर ठरलेलं...

"हुं."