फाईलमधला एकुलता एक बेडूक

ती वहिनींच्या कचेरीत आली ती खोकं घेऊनच. खोक्यात कप, छत्री आणि टेबलावरची कुंडी होती.

"सामान आवरूनच आलात?" भावोजींनी विचारलं. वहिनी खासगी तपास करत आणि त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावोजी, भलत्याच माणसावर संशय घेण्याचं काम इमानेइतबारे करत.

पाहुणी जीवसृष्टीच्या नोंदी जपणाऱ्या संस्थेत होती. कुठे कोणता जीव आढळला ते लोक तिथे कळवत. त्यातली हवी तेवढीच माहिती निवडून डाउनलोड करायचं नवं पान तिने बनवलं होतं.

"पडद्यावर शोधलं तर सगळे बेडूक आहेत. डाउनलोड केलेल्या फाईलमध्ये मात्र एकच! साहेब म्हणतात, मीच गाळले. संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत तर नोकरी गेली."

"चाचणी घेतली होती?" वहिनींनी विचारलं.

"फुलपाखरांवर. अगदी चोख फाईल आली."

खोक्यासकट तिघं संस्थेत पोहोचली, तेव्हा बेडूकतज्ज्ञ तणतणत होते. "उभा जन्म चिखलात काढला मी!"

"कॅमेरा खराब होत नाही?" वहिनींनी विचारलं.

"कॅमेरा हवाय कुणाला? बेडूक ऐकायचा असतो!" त्यांनी असा काही आवाज काढून दाखवला की भावोजी खुर्चीवर चढले.

फुलपाखरूतज्ज्ञ मात्र मजेत होते. "गेले ते बरंच झालं. फुलपाखरं खातात मेले!"

"वहिनी, हाच तो," भावोजी कुजबुजले. "शिवाय तो एकुलता एक बेडूकही यानेच नोंदवलाय."

"पुरावा आहे माझ्याकडे!" फुलपाखरूतज्ज्ञांनी फोटो पुढे केला. बेडकाच्या तोंडातून पिवळा पंख बाहेर आला होता.

साहेबांच्या खोलीत इतके फोटो होते की भिंतीचा रंग कळेना. "पानावर ढीगभर प्रश्न होते," साहेब म्हणाले. "लोक गोंधळायचे. मी बरेचसे लपवायला लावले आणि त्यांची उत्तरं स्वतः भरून टाकली. आता बटण दाबा, फाईल हजर!"

वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"बेडूक चोरीला गेलेच नाहीत, ते पडद्यावर आहेत. गळती होते ती डाउनलोड करताना. फुलपाखरांचे फोटो असतात, ती सगळी आली. या एका बेडकाचा फोटो आहे, तोही आला. बाकीच्यांचा नुसता आवाज आहे, ते राहिले. म्हणजे लपवलेल्या प्रश्नांत 'फक्त फोटो असलेल्याच नोंदी हव्यात का?' असा एक प्रश्न असणार. त्याला कुणीतरी 'हो' म्हटलंय. फोटोंचं फारच वेड असलेल्या कुणीतरी."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. साहेबांनी बुटांकडे.

"तुम्ही ती उत्तरं तपासली नाहीत?" भावोजींनी तिला विचारलं.

"साहेबांची उत्तरं तपासायची कुणाची छाती आहे?"

तिने लपवलेले प्रश्न उघडले. 'हो'वरची खूण काढली आणि बटण दाबलं. फाईलमध्ये बेडूकच बेडूक! बेडूकतज्ज्ञांनी डोळे पुसले. तिला तर हुंदकाच फुटला. सकाळपासून दाबून धरला होता.

"आता बटणाच्या वर एक ओळ टाका," वहिनी म्हणाल्या. "काय काय वगळलंय, ते सांगणारी."

"एवढं कोण वाचणार?" साहेब पुटपुटले.

"ज्याचे बेडूक हरवतात तो."

साहेबांनी वाकून तिचं खोकं उचललं आणि कुंडी सांभाळत तिच्या टेबलापर्यंत स्वतः नेऊन ठेवलं.